रांगेचें गणित मांडणारा शिक्षक : आग्नेर एर्लांग

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचावयास घेतलीं म्हणजे बहुधा रणांगणें, सिंहासनें आणि सभांतील जयघोष हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु कांहीं माणसें अशीं असतात कीं, त्यांनीं केलेलें काम रोज आपल्या उपयोगी पडतें आणि तरीही त्यांचें नांव आपल्या ओठांवर क्वचितच येतें. डेन्मार्क देशांतील गणितज्ञ आग्नेर क्रारुप एर्लांग हे अशांपैकीं एक होत. तिकिटाच्या खिडकीपुढें, दवाखान्यांत अथवा टेलिफोन कानाशीं धरून आपण ताटकळत असतों, तेव्हां आपल्या मनांत त्रासावांचून दुसरें कांहीं येत नाहीं. एर्लांग ह्यांनीं ह्या ताटकळण्याचाच विचार केला, त्याचे नियम शोधून काढले आणि ते गणिताच्या भाषेंत मांडले. खेडेगांवच्या शाळामास्तरांच्या ह्या मुलाची हकीकत आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांस बोधप्रद वाटेल अशा समजुतीनें ती आम्ही येथें देत आहों.

एर्लांग ह्यांचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजीं डेन्मार्कच्या जटलंड प्रांतांत, टार्म गांवाजवळील लोनबोर्ग ह्या खेड्यांत झाला. त्यांचे वडील हान्स नील्सेन एर्लांग हे त्या गांवचे शाळामास्तर असून तेथील चर्चचें कारकुनी कामही त्यांच्याकडे असे. मातोश्री माग्दालेने ह्या क्रारुप नांवाच्या धर्मोपदेशकांच्या घराण्यांतील होत्या. त्यांच्या पूर्वजांत टोमास फिंके हे गणितज्ञ होऊन गेले. त्रिकोणमितीच्या तासाला आपण टॅन्जंट व सेकंट हे शब्द घोकतों, ते १५८३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत प्रचारांत आणणारे ते हेच फिंके. तेव्हां गणिताचा वारसा कोठून तरी रक्तांत उतरला होता असें कोणी म्हटल्यास आम्ही त्याशीं वाद घालणार नाहीं. परंतु वारशाला मेहनतीची जोड नसली तर काय होतें, हेंही सर्वांस ठाऊक आहे.

आग्नेरास एक वडील भाऊ व दोन धाकट्या बहिणी होत्या. त्याचे पहिले धडे वडिलांच्याच शाळेंत झाले. संध्याकाळीं भाऊ फ्रेडरिक पुस्तक घेऊन वाचावयास बसला कीं, आग्नेर त्याच्या समोर बसे आणि तेंच पुस्तक उलट्या बाजूनें वाची. त्याला आकाशाचें वेड फार. ताऱ्यांविषयीं तो वाचीच, पण आकाशांतील चमत्कारांवर लहानपणीं त्यानें कविताही रचल्या होत्या.

वयाच्या चौदाव्या वर्षीं कोपनहेगन विद्यापीठाच्या प्राथमिक परीक्षेस तो बसला. परीक्षेस बसण्याजोगें वय झालेलें नसल्यामुळें त्यासाठीं खास परवानगी काढावी लागली. पण तो विशेष प्राविण्यानें उत्तीर्ण झाला. एवढें यश मिळाल्यावर मुलास लगेच मोठ्या शहरीं धाडावें असें कोणत्याही बापास वाटेल. आग्नेर मात्र घरीं परतला आणि दोन वर्षें वडिलांच्या हाताखालीं त्याच खेड्यांतील शाळेंत सहायक शिक्षक म्हणून राहिला. ह्या काळांत त्यानें फ्रेंच व लॅटिन ह्या भाषांचाही अभ्यास केला. पुढें १८९६ मध्यें विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा त्यानें प्राविण्यासह दिली. घरची स्थिति बेताचीच होती. परंतु विद्यापीठाकडून शिष्यवृत्ति आणि वसतिगृहांत राहण्याजेवण्याची सोय मिळाल्यामुळें शिक्षणाचा मार्ग मोकळा झाला. गणित हा मुख्य विषय, व त्याच्या जोडीला ज्योतिष, पदार्थविज्ञान आणि रसायन हे विषय घेऊन १९०१ च्या जानेवारींत ते एम्. ए. झाले.

त्यानंतरचीं सात वर्षें एर्लांग ह्यांनीं निरनिराळ्या शाळांतून शिकविण्यांत घालविलीं. ते अबोल होते. लोकांत मिसळून गप्पा मारण्यापेक्षां बाजूस बसून पाहणें त्यांस अधिक आवडे. तरीही शिक्षक म्हणून ते चांगले ठरले. शाळेचें काम करून उरलेल्या वेळांत त्यांचें गणित चालूच असे. विद्यापीठानें बक्षिसासाठीं घातलेल्या एका गणिती प्रश्नास त्यांनीं लिहिलेल्या उत्तराचा १९०४ मध्यें गौरव झाला. पण ह्या सात वर्षांत त्यांच्या हातून जगाला दिपविणारें असें कांहीं घडलें नाहीं. तिशी आली, आणि ते अजून शाळामास्तरच होते.

डेन्मार्कमधील गणितप्रेमी मंडळींची एक सभा होती. तिच्या बैठकींस एर्लांग जात असत. तेथें त्यांची योहान येन्सेन ह्यांच्याशीं ओळख झाली. हे येन्सेन कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य इंजिनियर होते. त्यांनीं उच्च गणित बहुतेक स्वतःच्या प्रयत्नानें संपादन केलें होतें, आणि नोकरी संभाळून ते असें गणित करीत कीं, त्यांच्या नांवाचें एक सूत्र आजही विद्यापीठांतून शिकवितात. रत्नाची पारख रत्नपारख्यासच असते. येन्सेन ह्यांनीं एर्लांग ह्यांची गांठ कंपनीचे प्रमुख संचालक फ्रेडरिक योहान्सेन ह्यांच्याशीं घालून दिली, आणि १९०८ मध्यें एर्लांग शाळा सोडून कंपनीच्या नव्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. मरेपर्यंत, म्हणजे सुमारें वीस वर्षें, ते तेथेंच होते.

टेलिफोन कंपनीला गणितज्ञ कशाला हवा, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. त्या काळीं बोलावयाचें असल्यास मनुष्य यंत्र उचली. एक्स्चेंजांत मोठ्या फळीपुढें बसलेली ऑपरेटर बाई त्याची मागणी ऐके, आणि दोरीच्या टोकाची खुंटी योग्य भोंकांत बसवून त्याची तार दुसऱ्याच्या तारेशीं जोडून देई. बाया थोड्या नेमल्या तर गिऱ्हाइकें खोळंबत. एका गांवाहून दुसऱ्या गांवास जाणाऱ्या तारा थोड्या असल्या तर गिऱ्हाइकांस विन्मुख व्हावें लागे. उलटपक्षीं बाया व तारा वाटेल तितक्या वाढवाव्या, तर खर्च वाढून वर्गणी भारी होई आणि गरिबाच्या घरीं टेलिफोन कधींच जाऊं शकत नसे. घरांत दुखणें आहे व डॉक्टरांस बोलवावयाचें आहे, अशा माणसाला एक्स्चेंजांतील एक मिनिटही युगासारखें वाटतें. परंतु ज्याला महिनाअखेर जमाखर्च मिळवावयाचा आहे, त्याला रिकामी बसलेली बाई डोळ्यांत सलते. ह्या दोघांमध्यें न्याय कोणी करावा? योहान्सेन ह्यांनीं ह्या प्रश्नांत स्वतः लक्ष घातलें होतें. एर्लांग ह्यांनीं तो गणिताच्या न्यायासनापुढें आणला.

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. समजा, एखाद्या एक्स्चेंजांत तासाला सरासरी ६० मागण्या येतात आणि प्रत्येकीस एक मिनिट लागतें. तासाचीं मिनिटें ६०, मागण्याही ६०. तेव्हां एक बाई पुरे, असा हिशेब कोणीही करील. परंतु मागणी करणारीं माणसें एकमेकांस विचारून मागणी करीत नाहींत. एर्लांग ह्यांनीं १९०९ मध्यें लिहिलेल्या निबंधांत दाखविलें कीं, अशा मागण्या फ्रेंच गणितज्ञ प्वासाँ ह्यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संभवनियमास अनुसरून येतात. त्या नियमानें आपल्या उदाहरणांतील १०० मिनिटें पाहिलीं, तर सुमारें ३७ मिनिटांत एकही मागणी येणार नाहीं, ३७ मिनिटांत एक येईल, १८ मिनिटांत दोन येतील आणि उरलेल्या ८ मिनिटांत तीन किंवा त्यांहून अधिक एकदम येऊन आदळतील. जीं ३७ मिनिटें बाई रिकामी बसली, तीं साठवून ठेवून पुढच्या गर्दीच्या मिनिटांत खर्च करतां येत नाहींत. वाया गेलेला वेळ परत येत नाहीं, हें सुभाषित आपण वहींत लिहितों. एर्लांग ह्यांनीं त्याची किंमत आंकड्यांत काढली. रांग लागते ती कोणाच्या आळसामुळेंच लागते असें नाहीं. सर्वांनीं चोख काम केलें तरीही केवळ योगायोगानें ती लागते.

पुढें १९१७ मध्यें त्यांचा सर्वांत प्रसिद्ध निबंध बाहेर आला. त्यांत त्यांनीं दोन प्रश्न सोडविले. येणाऱ्या माणसास सर्व तारा गुंतलेल्या आढळल्या आणि त्यास परत जावें लागलें, असें शेंकडा किती वेळां घडेल, हा पहिला. आणि त्यास परत न पाठवितां थांबवून ठेवलें, तर किती थांबावें लागेल, हा दुसरा. त्यांची विचारपद्धति फार सुबोध होती. चालू असलेल्या संभाषणांची संख्या ही जिन्यावर उभ्या असलेल्या माणसासारखी मानावी. नवें संभाषण सुरू झालें कीं एक पायरी वर, संपलें कीं एक पायरी खालीं. पुष्कळ काळ पाहिलें असतां, चवथ्या पायरीवरून पांचवीवर जितक्या वेळां चढणें होतें, तितक्याच वेळां पांचवीवरून चवथीवर उतरणेंही झालें पाहिजे. प्रत्येक पायरीपाशीं हा समतोल मांडीत गेलें म्हणजे कोणत्या पायरीवर किती वेळ जातो हें कळतें. आणि शेवटच्या पायरीवर, म्हणजे सर्व तारा गुंतलेल्या अशा स्थितींत, जो वेळ जातो तोच विन्मुख जाणाऱ्यांचा वांटा.

ह्यांतून निघणारें फळ पाहण्यासारखें आहे. एका खेड्यांतून तासाला सरासरी २० जण बाहेरगांवीं बोलूं पाहतात आणि प्रत्येकाचें बोलणें सरासरी ३ मिनिटें चालतें असें धरूं. तार एकच असेल तर दोघांतील एक विन्मुख जाईल. दोन तारा केल्या तर पांचांतील एक. तीन केल्या तर सोळांतील एक. चार केल्या तर ६५ तील एक. आणि पांच केल्या तर ३२६ तील एकच. पुढची प्रत्येक तार किती उपयोगाची आणि कोठें थांबावें, हें आतां अंदाजानें न ठरवितां हिशेबानें ठरवितां येऊं लागलें.

थांबण्याचा हिशेब तर त्याहून मनोवेधक आहे. एका खिडकीवर एक कारकून बसला आहे, माणसें आपापल्या सोयीनें येतात व प्रत्येकाच्या कामास कमीअधिक वेळ लागतो असें समजा. कारकून निम्मा वेळ गुंतलेला असेल तर येणाऱ्यास सरासरीनें एका माणसाच्या कामाइतकें थांबावें लागतें. तो शेंकडा ८० वेळ गुंतलेला असेल तर चार माणसांच्या कामाइतकें. ९० असेल तर नऊ. आणि ९५ असेल तर एकोणीस! म्हणजे कारकुनाच्या विसाव्याचीं शेवटचीं थोडीं मिनिटें काढून घेण्याचा जो मोह होतो, त्याचा दंड रांगेंतील माणसांस कित्येक पटींनीं भरावा लागतो. आणखी एक गोष्ट. शेंकडा ८० वेळ गुंतलेल्या दोन खिडक्यांपुढें दोन निराळ्या रांगा असतील, तर प्रत्येकास सरासरी चार कामांइतकें थांबावें लागतें. पण दोन्ही खिडक्यांस मिळून एकच रांग केली, तर थांबणें सुमारें पावणेदोन कामांइतकेंच उरतें. कारकून तेच, काम तेंच. केवळ एकोप्यानें निम्म्याहून अधिक ताटकळणें नाहींसें होतें.

प्रयोगशाळेचें प्रमुखपद हें नांव मोठें असलें, तरी आरंभीं त्यांच्या हाताखालीं मनुष्यबळ जवळजवळ नव्हतेंच. जमिनींत भटकणाऱ्या विजेच्या प्रवाहांचीं मोजमापें त्यांसच घ्यावीं लागत. कोपनहेगनच्या रस्त्यांतून एर्लांग चालले आहेत व त्यांच्यामागून एक कामगार शिडी घेऊन येत आहे, असा देखावा तेथील लोकांस वारंवार दिसे. ती शिडी रस्त्याखालच्या विवरांत उतरण्यासाठीं असे. ज्यांचीं सूत्रें पुढें देशोदेशींच्या इंजिनियरांनीं शिरोधार्य मानलीं, ते गृहस्थ स्वतः शिडीवरून अंधाऱ्या विवरांत उतरत, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. विद्युत्‌प्रवाह मोजण्याच्या साधनांतही त्यांनीं सुधारणा केल्या आणि गणितासाठीं लॉगॅरिथमचीं कोष्टकेंही तयार केलीं.

एर्लांग ह्यांनीं लग्न केलें नाहीं. त्यांचा पैसा व फुरसत ग्रंथसंग्रहांत जाई. गणित, ज्योतिष व पदार्थविज्ञान ह्यांच्या जोडीला इतिहास, तत्त्वज्ञान व काव्य ह्यांवरील पुस्तकेंही त्यांत असत. त्यांच्या स्वभावाची एक बाजू मात्र आम्हांस विशेष हृद्य वाटते. गरजू माणसें मदतीसाठीं प्रयोगशाळेंत त्यांच्याकडे येत, आणि ते कोणास न कळूं देतां त्यांची गरज भागवीत. ताटकळणाऱ्या माणसाचा विचार ज्यानें कागदावर केला, त्याच्या दाराशीं आलेलें माणूसही विन्मुख जात नसे.

त्यांची प्रकृति चांगली होती व आजारपणामुळें ते क्वचितच घरीं राहत. परंतु १९२९ च्या आरंभीं पोटाच्या विकारामुळें त्यांस इस्पितळांत जावें लागलें. शस्त्रक्रिया झाली, पण ती मानवली नाहीं, आणि ३ फेब्रुवारी १९२९ रोजीं, वयाच्या ५१ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें.

त्यांची कीर्ति त्यांच्यामागून वाढत गेली. ब्रिटिश पोस्ट खात्यानें तारांची संख्या ठरविण्यास त्यांचें सूत्र स्वीकारलें होतेंच. अमेरिकेंतील एका संशोधकानें एर्लांग ह्यांचे निबंध मुळांतून वाचतां यावेत म्हणून डॅनिश भाषा शिकून घेतली असें सांगतात. १९४६ मध्यें टेलिफोनच्या रहदारीच्या आंतरराष्ट्रीय परिमाणास एर्लांग हें नांव देण्यांत आलें. वजनास शेर, लांबीस मीटर, तसा टेलिफोनच्या वर्दळीस एर्लांग. आपल्या वरील उदाहरणांतील खेड्याची वर्दळ बरोबर एक एर्लांग होती. १९४८ मध्यें त्यांचें चरित्र व निबंध एकत्र ग्रंथरूपानें कोपनहेगन येथें प्रसिद्ध झाले, आणि पुढें स्वीडनच्या एरिक्सन कंपनींत तयार झालेल्या एका संगणकभाषेसही त्यांचेंच नांव मिळालें.

खुंट्या बसविणाऱ्या बाया आतां राहिल्या नाहींत, परंतु रांग राहिली आहे. इंटरनेटवरून जाणारें पत्र, चित्र अथवा आवाज हा अखंड जात नसून त्याचीं लहान लहान पुडकीं केलेलीं असतात. त्यांस पॅकेट म्हणतात. वाटेंतील प्रत्येक नाक्यावर राउटर नांवाचें यंत्र तीं पॅकेटें घेतें आणि पुढच्या तारेवर चढवितें. सर्व तारा गुंतलेल्या असल्या म्हणजे पॅकेटें बफर नांवाच्या ओसरीवर थांबतात. ओसरीही भरली असली तर नव्या पॅकेटास टाकून दिलें जातें. थांबणें आणि विन्मुख होणें, हे एर्लांग ह्यांचेच दोन प्रश्न! टेलिफोनच्या ह्या गणिताचा वापर संदेशांच्या जाळ्यांसाठीं कसा करावा हें अमेरिकेंतील लेनर्ड क्लाइनरॉक ह्यांनीं १९६४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें, आणि १९६९ मध्यें ज्या जाळ्यावरून पहिला संदेश गेला त्याच्या उभारणींत त्यांचा भाग होता. एकाच दिशेस जाणाऱ्या अनेक तारांस एकच सामाईक रांग ठेवावी, आणि तारा शेंकडा शंभर भरूं पाहूं नयेत, हे धडे त्याच जुन्या हिशेबांतले. ओसरी मोठी केली म्हणजे टाकून दिलेलीं पॅकेटें कमी होतात, पण आंत थांबलेल्यांचा खोळंबा त्यानें कमी होत नाहीं, उलट वाढतो. तो कमी करण्यास तारा वाढवाव्या लागतात किंवा गर्दी आवरावी लागते.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. टेलिफोन करणारीं माणसें परस्परांशीं संबंध नसतांना मागणी करीत. पॅकेटें मात्र वऱ्हाडासारखीं झुंडीनें येतात. १९९४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मोजमापांवरून अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें कीं, संगणकांच्या जाळ्यांतील ही वर्दळ प्वासाँच्या नियमांत नीट बसत नाहीं आणि जुन्या सूत्रांनीं काढलेला खोळंबा खऱ्या खोळंब्याहून कमी भरूं शकतो. ह्यानें एर्लांग ह्यांस कमीपणा येतो असें आम्हांस वाटत नाहीं. सूत्र मांडण्यापूर्वीं माणसें प्रत्यक्ष कशीं येतात हें मोजून पाहावें, ही रीति त्यांनींच पाळली होती. नव्या संशोधकांनीं तीच पुढें चालविली.

असो. ह्या चरित्रापासून काय घ्यावें? पालकांस आम्ही एवढेंच विनवूं कीं, मुलाच्या दिवसाचें प्रत्येक मिनिट शिकवणीनें व अभ्यासानें भरून टाकण्याची घाई करूं नये. जी खिडकी सदा गुंतलेली, तिच्यापुढची रांग लांबत जाते. जें मन सदा गुंतलेलें, त्यांत नव्या विचारास शिरावयास जागा राहत नाहीं. आणि विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, चौदाव्या वर्षीं परीक्षा जिंकणारा मुलगा खेड्यांतील शाळेंत परतला, पुढें सात वर्षें फळ्यावर खडूनें लिहीत राहिला, आणि तिसाव्या वर्षीं त्यास आपलें काम सांपडलें. त्या वर्षांत तो रिकामा थांबला नव्हता, वाचीत व शिकत होता. म्हणून पाळी आली तेव्हां तो तयार होता. पुढच्या वेळीं कोठें रांगेंत उभें राहण्याचा प्रसंग आला, तर कपाळास आठ्या न घालतां पुढें किती माणसें आहेत, प्रत्येकास किती वेळ लागतो आणि खिडक्या किती उघड्या आहेत, हें आमच्या बालमित्रांनीं मोजून पाहावें. एर्लांग ह्यांच्या अभ्यासाची सुरुवात ह्याहून निराळी नव्हती.